‘प्रोपगंडा’ : शब्द आणि शिक्का



९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारात निघालेल्या मिरवणुकीत तिरंगा हाती घेतलेला शिरीषकुमार मेहता अवघा पंधरा वर्षांचा होता. पोलिसांच्या गोळीबारात तो आणि त्याच्यासह लालदास, धनसुखलाल, शशिधर व घनश्यामदास असे पाच जण हुतात्मे झाले. पश्चिम खानदेशातील या गावाने ते डोळ्यांनी पाहिले. पण देशाला ते कळावे कसे? सरकारने ८ ऑगस्टलाच आदेश काढला होता. आंदोलनाची वार्ता सरकारी सूत्रे, ठरावीक वृत्तसंस्था किंवा नोंदणीकृत वार्ताहर यांच्याकडून आलेली असेल, तरच ती छापता येणार होती. २७ ऑगस्टला मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे गुप्त रेडिओ केंद्र सुरू झाले, ते याच कोंडीतून. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी ते पकडले.

त्या दशकातील वृत्तपत्रसृष्टीत ‘प्रोपगंडा’ हा शब्द कसा वावरत होता, याचे मर्म येथे आहे. सरकार सांगते ती माहिती आणि दुसरा सांगतो तो प्रोपगंडा! बर्लिनहून नेताजी बोलले की तो शत्रूचा प्रचार. लंडनहून बीबीसी हिंदुस्थानसाठी बोलली की त्या वार्ता. वस्तुत: १९४१ ते १९४३ या काळात बीबीसीच्या त्याच विभागात काम करणाऱ्या जॉर्ज ऑर्वेलला आपण प्रचारच करीत आहोत, याची पुरती जाणीव होती.

हा शब्द जन्मत: बदनाम नव्हता. मूळ लॅटिन क्रियापद माळ्याचे. फांदीपासून नवे रोप वाढविणे असा त्याचा अर्थ. १६२२ साली पोप पंधरावे ग्रेगरी यांनी ख्रिस्ती धर्मप्रसारासाठी जी परिषद स्थापन केली, तिच्या नावातून तो युरोपच्या भाषांत आला. १९२८ साली अमेरिकेतील एडवर्ड बर्नेज यांनी आपल्या पुस्तकाला हेच नाव नि:संकोचपणे दिले. १९३३ मध्ये गोबेल्सचे खाते उभे राहिले आणि युद्धानंतर हा शब्द स्वत:साठी वापरण्याची सोयच उरली नाही.

मराठीने येथे एक गंमत केली. ‘प्रचार’ हा संस्कृत शब्द तिने स्वच्छ ठेवला आणि दुर्गंधी ‘प्रोपगंडा’ व ‘अपप्रचार’ यांच्या वाट्याला दिली. घरदार सोडून निघालेला तरुण ‘प्रचारक’ म्हणून आदराला पात्र होतो. मात्र फडके-खांडेकरांच्या काळापासून रंगलेल्या कला की जीवन या वादात ‘प्रचारकी’ ही शिवीच ठरली. एकाच धातूची ही दोन अपत्ये!

स्वातंत्र्यानंतर राज्यकर्ते बदलले. सरकारी लेखणी मात्र जुनीच वळणे गिरवीत राहिली. २ मार्च १९५० रोजी दिल्लीच्या ‘ऑर्गनायझर’ साप्ताहिकावर आदेश बजावला गेला : जातीय स्वरूपाचा मजकूर, तसेच पाकिस्तानविषयीच्या बातम्या, मते, छायाचित्रे आणि व्यंगचित्रेसुद्धा छापण्यापूर्वी तपासणीसाठी दोन प्रतींत सादर करावीत. त्यातून सूट कोणाला? सरकारी सूत्रे आणि ठरावीक वृत्तसंस्था यांच्याकडून आलेल्या मजकुराला. १९४२ च्या आदेशाशी हे ताडून पाहावे! पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे येत होते, त्या दिवसांतील ही गोष्ट.

मुद्रक-प्रकाशक ब्रिज भूषण आणि संपादक के. आर. मलकानी सर्वोच्च न्यायालयात गेले. त्याच सुमारास मद्रास सरकारने मुंबईहून निघणाऱ्या डाव्या विचारांच्या ‘क्रॉस रोड्स’ला आपल्या प्रांतात बंदी केली होती, त्याविरुद्ध रोमेश थापर न्यायालयात उभे होते. दोन्ही पत्रांची तोंडे परस्परविरुद्ध दिशांना. एकाचा लेख दुसऱ्याला प्रोपगंडाच वाटावा, इतके अंतर! २६ मे १९५० रोजी दोन्ही निकाल एकाच दिवशी लागले आणि न्या. फजल अली यांचा अपवाद वगळता सर्व न्यायमूर्तींनी दोन्ही आदेश रद्द ठरविले. ‘ऑर्गनायझर’चा निकाल अभिमानाने सांगणाऱ्या कार्यकर्त्याने थापर यांचे नाव गाळू नये, त्या दिवशी विरोधकाचे स्वातंत्र्य आणि आपले स्वातंत्र्य एकाच तराजूत होते.

सरकारने पुढच्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती आणली. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी यांनी संसदेत तिला कडाडून विरोध केला, तरी ती संमत झाली. ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे नवे कारण घटनेत आले. त्याबरोबर निर्बंध ‘वाजवी’ असावेत, हा शब्दही आला. त्यामुळे तो वाजवी आहे की नाही, हे तपासण्याचा न्यायालयाचा अधिकार तेवढा शाबूत राहिला.