न दिसणारा ड्राइव्ह आणि आपल्या नोंदी
(कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षण शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘नोंदी आणि दस्तऐवज’ असा भारदस्त विषय छापला आहे. मी मात्र बोलणार आहे आमच्या केंद्रातल्या एका जुन्या संगणकाबद्दल. मी एम. एस. डब्ल्यू. झालेली बाई, तंत्रज्ञ नव्हे. तरी बोलते, कारण त्या संगणकातल्या न दिसणाऱ्या एका ड्राइव्हपायी एका बाईचं राहतं घर जायची वेळ आली होती.

ती २००९ साली आमच्याकडे आली. मारहाणीची तक्रार, अंगावरच्या वळांचे फोटो, सासरच्यांबरोबर झालेल्या बैठकीचं टिपण, सगळं फाइलीत होतं. पुढे एका पावसाळ्यात कार्यालयात पाणी शिरलं आणि कागद गेले. त्याआधी ते स्कॅन करून सीडींवर उतरवले होते, एवढंच नशीब. गेल्या वर्षी नवऱ्याने तिला घराबाहेर काढायचा घाट घातला आणि कोर्टात सांगितलं, हिने आजवर कधी तक्रारच केलेली नाही. वकीलताई म्हणाल्या, जुनी नोंद आणा. तारखेला आठ दिवस होते. सीडी कपाटात होती, पण संगणकात सीडी ड्राइव्हचं चिन्हच दिसेना.

दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, “मॅडम, हे भंगारात द्या. सीड्या माझ्याकडे ठेवून जा, कॉपी करून देतो. ऑफिसात कुणी सर नाहीत का?” सर नव्हते. आणि बायकांच्या जखमांचे फोटो दुकानात ठेवून येणं शक्यच नव्हतं. मग आम्हीच बसलो.

आपल्याकडे बाई आली की आपण पहिला प्रश्न काय विचारतो? “हे कधीपासून?” तोच प्रश्न इथे विचारला. केंद्रातल्या मावशी लगेच म्हणाल्या, “तो मुलगा जुना डबा आत बसवून गेला ना, तेव्हापासून.” डबा म्हणजे कुणी देणगी दिलेली जादा हार्ड डिस्क. खरं निदान तिथेच झालं होतं, पण ते कळायला आम्हाला दोन दिवस लागले. ते टप्पे सांगते. लिहून घ्या.

पहिला टप्पा. ड्राइव्हचं बटण दाबा. ट्रे बाहेर आला, दिवा लागला, तर वीज पोचते आहे. काहीच हललं नाही, तर आधी विजेची जोडणी बघायची. आमचा ट्रे बाहेर येत होता.

दुसरा टप्पा. संगणक सुरू होतानाच ‘डिलीट’ किंवा ‘एफ २’ दाबून बायोसमध्ये जायचं. कोणती कळ ते पडद्यावर क्षणभर दिसतं. तिथल्या यादीत ड्राइव्हचं नाव असेल, तर जोडणी बहुधा ठीक आहे आणि घोळ विंडोजमध्ये आहे. नाव नसेल, तर खोकं उघडायचं. आमच्या यादीत नाव नव्हतं.

तिसरा टप्पा. आधी संगणक बंद करून भिंतीतला प्लग काढा. चालू करायचं बटण काही सेकंद दाबून धरा. आतल्या पत्र्याला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. विजेचा बंद डबा, म्हणजे पॉवर सप्लाय, मात्र कधीही उघडायचा नाही. आमच्यासारख्या जुन्या संगणकात ड्राइव्हला रुंद, चपटी केबल असते. तिची एक कड बहुधा लाल असते, ती एक नंबरच्या पिनकडे येते. केबल ओढायची नाही, टोकाला धरून सरळ काढायची आणि पुन्हा घट्ट बसवायची. त्यानंतरच्या संगणकांत ‘साटा’ची अरुंद केबल असते. तिथे केबल बदलून किंवा दुसऱ्या जागी लावून बघायचं.

आमचा दोष होता जंपरमध्ये. एका चपट्या केबलवर दोन उपकरणं बसतात. ड्राइव्हच्या मागे प्लॅस्टिकची चिमुकली टोपी असते, तीवरून एक ‘मास्टर’ ठरतं आणि दुसरं ‘स्लेव्ह’. मालक आणि गुलाम! (हशा) नावं ठेवणाऱ्यांच्या डोक्यात काय होतं ते आपण ओळखतो. तांत्रिक मानकात मात्र त्यांना साधं ‘उपकरण शून्य’ आणि ‘उपकरण एक’ म्हणतात. नव्या डब्याची टोपीही मालकाच्या जागी, ड्राइव्हचीही मालकाच्याच जागी. त्यात ड्राइव्ह दिसेनासा झाला. मावशींनी शिलाई मशीनच्या चिमट्याने टोपी सरकवली. संगणक लावला. यादीत नाव आलं.

बायोसमध्ये नाव असून विंडोजमध्ये ड्राइव्ह नसेल, तर डिव्हाइस मॅनेजर उघडा. ड्राइव्हवर पिवळी खूण असेल, तर तो तिथून अनइन्स्टॉल करून संगणक पुन्हा सुरू करा, विंडोज त्याला नव्याने ओळखतं. तरी जमलं नाही, तर सीडी लिहिण्याच्या एखाद्या जुन्या प्रोग्रॅमने रजिस्ट्रीत ‘अपरफिल्टर्स’ व ‘लोअरफिल्टर्स’ अशा नोंदी मागे ठेवलेल्या असू शकतात. त्या काढता येतात, पण आधी रजिस्ट्रीची प्रत घ्या आणि जाणती मैत्रीण शेजारी बसवा. शेवटचा उपाय, यूएसबीवर चालणारा बाहेरचा ड्राइव्ह उसना आणा. ड्राइव्ह बिघडला म्हणून सीडी बिघडत नाही, हे ध्यानात ठेवा.

तिची नोंद मिळाली. फोटो स्पष्ट होते. पण शेजारच्या दोन सीडी वाचताच आल्या नाहीत. उन्हाने, उष्णतेने लिहिलेल्या सीडीचा थर खराब होतो. त्या दोन सीडींवर कुणाच्या नोंदी होत्या, ते आता कधीच कळणार नाही. ही चूक दुरुस्तीवाल्याची नव्हे, आमची.

म्हणून तीन गोष्टी करा. जुन्या सगळ्या सीडी या महिन्यात उतरवून घ्या, दोन प्रती करा, एक प्रत कार्यालयाबाहेर कुलपात ठेवा. मूळ सीडी फेकू नका. आणि कोणी, कधी, कोणत्या संगणकावर प्रत केली ते वहीत लिहा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. ते देताना ही वही उपयोगी पडेल. बाकीचं आपल्या वकिलांना विचारा.

त्या बाईचा खटला अजून चालू आहे. ती अजून तिच्या घरात आहे. “हिने कधी तक्रार केली नाही” हे वाक्य मात्र पुढच्या तारखेला कुणी उच्चारलं नाही.

बाई बोलली, हे नोंदवून ठेवणं आपलं काम आहे. ते पुन्हा वाचता येईल एवढं बघणंही आपलंच काम आहे. त्यासाठी एक स्क्रू ड्रायव्हर घ्या. तो कपाटात, फाइलींशेजारीच ठेवा.