एक किलो, पाच किलो



बेंगळुरूच्या के. आर. मार्केटात कांदेवाला 'ऐदु केजी' म्हणून तागडीत कांदे टाकतो. ऐदु म्हणजे पाच. घरी आल्यावर मी सांगते, 'पाच किलो कांदे आणले.' एक असो की पाच, त्याचं केजी आणि माझं किलो जागचं हलत नाही. गोण्यांवर आणि दुकानांच्या पाट्यांवर मात्र इंग्रजीत '५० केजीएस' लिहिलेलं दिसतं. तो शेवटचा एस मला फार खुपतो.

इंग्रजीत किलोग्रॅम हा पूर्ण शब्द लिहिला, तर अनेकवचनाचा एस हवाच. पण केजी हे चिन्ह आहे, अधिक-उण्याच्या खुणेसारखं. त्याला वचन नाही, पुढे टिंबही नाही. शिवाय एस हे सेकंदाचं चिन्ह! मोठ्या लिपीतला के केल्व्हिनचा, म्हणजे तापमानाचा. किलोचा के लहान.

पूर्ण नावांतही सगळ्यांना एस लागत नाही. हर्ट्झ आणि लक्स जसेच्या तसे राहतात. विद्युतवाहकतेचं माप सीमेन्स. त्यातला शेवटचा एस वेर्नर फॉन सीमेन्स या जर्मन अभियंत्याच्या आडनावातला आहे. तो अनेकवचनाचा समजून 'एक सीमेन' लिहिणं म्हणजे त्या माणसाचं नाव तोडणं.

आपल्या मराठीत याची मोठी सुंदर गोष्ट घडली आहे. जुनी मापं वचनाप्रमाणे बदलत: एक तोळा, दोन तोळे, एक पायली, चार पायल्या. १९५६ साली वजन-मापांचा कायदा झाला, १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजनं टप्प्याटप्प्यानं आली, आणि मराठीनं ती न बदलता घेतली. आजही आजी 'दोन तोळे सोनं' म्हणते, नात 'वीस ग्रॅम'.

याच बेंगळुरूत केंद्र सरकारची प्रादेशिक संदर्भ मानक प्रयोगशाळा आहे. वजनं-मापं तिथे अधिक काटेकोर मानकांशी ताडून पाहतात. वजनाची इतकी काळजी घ्यायची आणि ते लिहिताना एक अक्षर जास्तीचं चालवून घ्यायचं, हे मला पटत नाही.

परवा भाचीच्या विज्ञानाच्या वहीत '१० केजीएस' दिसलं. मी म्हटलं, 'बाळा, मराठीत मोठ्यानं वाच बरं.' ती म्हणाली, 'दहा किलो.' आणि खोडरबर शोधायला लागली.