संगणकाचा कळफलक आणि मराठीचा ‘ळ’

(धर्मापुरी, जिल्हा बीड येथे शिक्षक, ग्रामसेवक आणि पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेले भाषण)



मी कलाशाखेचा पदवीधर. संगणकाच्या तंत्राविषयी माझ्यासारख्याने बोलावे, याचे आपणांस थोडे नवल वाटले असेल. परंतु ज्या प्रश्नाने मला या विषयाकडे ओढले, तो भाषेचाच होता.

काही वर्षांपूर्वी एका कार्यालयातून लाभार्थींची यादी माझ्याकडे प्रसिद्धीसाठी आली. तीत ‘काळे’ आडनावाची सर्व कुटुंबे ‘काले’ झाली होती आणि ‘कुऱ्हाडे’ यांचे ‘कुर्हाडे’ झाले होते. यादी करणारा तरुण मेहनती होता. त्याला विचारले, तेव्हा तो म्हणाला, “साहेब, ळ कुठल्या कळेवर आहे ते सापडले नाही, आणि तो अर्धा र काही केल्या उमटत नाही.” चूक त्याची म्हणावी, तर त्याला कोणी शिकविलेच नव्हते. तथापि ज्याचे नाव चुकले, त्याला त्या एका अक्षरासाठी पुन्हा अर्ज, पुन्हा दाखला आणि पुन्हा खेटे. शिधापत्रिकेवर एक नाव आणि सातबाऱ्यावर दुसरे, म्हणजे काय होते, हे पंचायत सदस्यांना मी सांगावयास नको.

कळ दाबल्यावर यंत्रात काय घडते, ते प्रथम पाहू. आपली समजूत अशी असते की कळेवर जे अक्षर छापलेले आहे, तेच आत जाते. वस्तुतः कळफलक अक्षर पाठवीतच नाही. तो केवळ एक क्रमांक पाठवितो. लिनक्स या मुक्त संगणक प्रणालीत पडदा, कळफलक आणि माऊस यांचा कारभार पाहणारा एक कार्यक्रम असतो. त्याला ‘डिस्प्ले सर्व्हर’ म्हणतात. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९८४ साली सुरू झालेली ‘एक्स विंडो’ प्रणाली हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. या प्रणालीत इंग्रजी ‘एन’ छापलेल्या कळेचा क्रमांक ५७ आहे. ५७ आला की सर्व्हर आपल्याजवळचा तक्ता उघडतो. इंग्रजीचा तक्ता लागू असेल तर ‘एन’ हे अक्षर देतो. मराठीचा लागू असेल तर ‘ल’ देतो. आणि शिफ्ट कळही दाबलेली असेल तर ‘ळ’. पोस्टात पिनकोड पाहून टपाल वेगळे करणारा कर्मचारी करतो, त्याच जातीचे हे काम. तेव्हा त्या तरुणाचा ‘ळ’ कोठे हरवला नव्हता. तो ‘ल’च्याच कळेवर, शिफ्टच्या घरात बसला होता.

हा तक्ता बदलता येतो, हीच आजच्या विषयातील मुख्य गोष्ट. पूर्वी ‘एक्समोडमॅप’ नावाच्या आज्ञेने एकेक कळ बदलीत असत. आता ‘एक्सकेबी’ ही अधिक व्यवस्थित पद्धत रूढ आहे आणि एक्सच्या जागी येत असलेल्या ‘वेलँड’ या नव्या व्यवस्थेनेही तेच तक्ते स्वीकारले आहेत. ‘सेटएक्सकेबीमॅप’ या आज्ञेत इंग्रजी आणि भारतीय अशी दोन मांडणींची नावे द्यावयाची, भारतीयपुढे ‘मराठी’ हा प्रकार नमूद करावयाचा, आणि आल्ट व शिफ्ट एकत्र दाबताच भाषा पालटावी, असा पर्याय जोडावयाचा. एका वेळी चारपर्यंत मांडण्या ठेवता येतात. मात्र ही आज्ञा त्या बैठकीपुरतीच टिकते. कायमची नोंद प्रणालीच्या कळफलक-फाइलीत करावी लागते, नाहीतर दुसऱ्या दिवशी “कालचे मराठी गेले” अशी तक्रार ठरलेली.

मराठीची ही मांडणी मुळात ‘इनस्क्रिप्ट’ची आहे. केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ती १९८६ मध्ये प्रमाणित केली, १९८८ मध्ये सुधारली आणि १९९१ च्या भारतीय मानकात तिचा समावेश झाला. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने, अशी तिची रचना आहे. ‘क’च्या वर शिफ्टने ‘ख’, ‘ग’च्या वर ‘घ’, ‘त’च्या वर ‘थ’. बाराखडी शिकविणाऱ्या शिक्षकाला ती परकी वाटू नये. भ्रमणध्वनीवर रोमन अक्षरांत मराठी लिहिण्याची सवय अनेकांना आहे. घरगुती निरोपाला ते चालेल. जन्मनोंदीला चालू नये, असे माझे मत आहे.

आता ‘कुऱ्हाडे’कडे वळू. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातील. दोहोंत फरक केवळ ‘र’चा. साधा ‘र’, पायमोड आणि ‘य’ टंकित केले की रफार होतो. त्याऐवजी शिफ्टसह ‘र’ची कळ दाबून ‘ऱ’ घ्यावा, मग पायमोड, मग ‘य’, ‘ऱ्य’ उमटतो. ‘कुऱ्हाडे’मध्ये ‘य’च्या जागी ‘ह’. एवढ्या एका कळेच्या अज्ञानाने ‘आचार्यास बोलवा’ आणि ‘आचाऱ्यास बोलवा’ यांत गोंधळ होऊन मंडपात स्वयंपाक्याऐवजी प्राचार्य यावयाचे!

‘ॲ’ची कथा निराळी आहे. मूळ इनस्क्रिप्टमध्ये एकच्या कळेवर शिफ्टने ‘ऍ’ येतो; ते हिंदीचे वळण. आपला ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्र क्रमांकाने दाखल झाला. त्याचा संकेतांक ०९७२. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने जी प्रमाण वर्णमाला ठरविली, तीतही तो आहे. परंतु अनेकजण आजही ‘अ’ घेऊन त्यावर चंद्र देतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाच्या लेखी मात्र ती दोन वेगळी लेखने आहेत. एका नोंदवहीत ‘ॲड.’ एका प्रकारे आणि दुसरीत दुसऱ्या प्रकारे असेल, तर साधा शोध घेतल्यावर नाव सापडत नाही आणि कर्मचारी प्रामाणिकपणे “नोंद नाही” असे सांगतो. यावरील उपाय तक्त्यातच आहे. भारतीय मांडणीच्या फाइलीत एकच्या कळेसमोर शिफ्टच्या घरात ०९७२ आहे की नाही, ते पाहावे. नसल्यास तो लिहावा. बदलापूर्वी मूळ फाइलीची प्रत अवश्य ठेवावी. प्रणाली अद्ययावत केल्यावर आपला बदल पुसला जातो, म्हणून बदललेल्या फाइलीचीही एक प्रत जवळ असावी.

तक्त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. एका कळेला एक चिन्ह, हा त्याचा नियम. अन्यत्र शिफ्ट आणि सात दाबून ‘क्ष’ मिळतो, कारण तेथे एका कळेमागे तीन चिन्हे पाठविता येतात. येथे ‘क’, पायमोड आणि ‘ष’ असे तीनदा लिहावे लागते. ज्यांची बोटे टंकलेखन यंत्रावर घडली, त्या ज्येष्ठ लिपिकांची अडचण याहून मोठी. यंत्रावर पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी मारीत. येथे ती नंतर द्यावयाची. हा क्रम उलटविणे सर्व्हरच्या तक्त्याला साधत नाही. त्यासाठी ‘आयबस’सारखा स्वतंत्र लेखन-सहायक कार्यक्रम बसवावा लागतो, आणि तो बसवून द्यावा. तीस वर्षांची सवय आठ दिवसांत मोडा, असा आग्रह धरणे मला अन्यायाचे वाटते.

येथून जवळच अंबाजोगाईस दासोपंतांची पासोडी आहे. सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडावर त्यांनी ‘पंचीकरण’ लिहिले. त्यांना ‘ळ’ शोधावा लागला नाही, हे खरे. परंतु कापडावर शाई कशी धरेल, याचा विचार त्यांनाही करावा लागलाच असेल.

भाषणानंतर शाळेच्या संगणकावर आपण ‘धर्मापुरी’ हे नाव टंकित करून पाहणार आहोत. ‘र’, पायमोड, ‘म’ असा क्रम ठेवावा. येथे रफारच हवा आहे, शिफ्ट दाबू नये. त्यानंतर प्रत्येकाने आपले स्वतःचे आडनाव लिहावे. ज्यांच्या आडनावात ‘ळ’, ‘ऱ्ह’ किंवा ‘ण’ आहे, त्यांनी कृपया पुढे बसावे.