जमीन सरकते, छप्पर मागे राहते



नोव्हेंबर 2018 पासून डहाणू आणि तलासरी तालुक्यांनी भूकंपाचे कितीतरी धक्के सोसले. आधी जमिनीतून येणारा गडगडाट आणि मागोमाग भांड्यांचा खडखडाट धुंदलवाडीच्या आसपासच्या पाड्यांना चांगलाच ओळखीचा झाला आहे. अशा धक्क्यात घराचं नेमकं काय होतं, ते आज समजून घेऊ.

एरवी घर निवांत उभं दिसतं, पण तेव्हाही त्यावर बळं काम करतच असतात. छपराचं आणि भिंतींचं वजन खाली दाबतं, जमीन तेवढ्याच जोराने त्यांना वर तोलून धरते. दोन्ही बळं समतोल, म्हणून घर स्थिर. आणि स्थिर वस्तू स्थिरच राहू पाहते. या गुणाला जडत्व म्हणतात. न्यूटनने 1687 साली गतीच्या नियमांत हाच नियम पहिला मांडला.

एसटी अचानक सुटली की उभा प्रवासी मागे झुकतो. पाय गाडीबरोबर जातात, अंग जागेवरच राहू पाहतं. भूकंपात घराचं असंच होतं. जमीन पायाला घेऊन आडवी सरकते, छप्पर मागे राहतं आणि ही ओढाताण भिंतींना सोसावी लागते. वरून येणारा भार पेलण्याची त्यांना सवय असते, आडव्या बळाची नसते. म्हणून दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांपासून तिरप्या भेगा पडतात.

वस्तुमान जितकं जास्त, तितकं जडत्व जास्त आणि ओढही जास्त. कारवीच्या कुडाचं, शेणमातीने सारवलेलं घर हलकं आणि लवचीक असतं, ते डुलतं. मातीत रचलेली दगडाची जाड भिंत जड असते, वाकत नाही, ती फुटते.

भूकंप मोजतानाही जडत्वच कामी येतं. भूकंपमापकात एक वजन सैल तोललेलं असतं. जमीन हलते, वजन जागीच राहू पाहतं आणि दोघांमधला फरक नोंदला जातो. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने या भागात अशी यंत्रं बसवली.

फेब्रुवारी 2019 मध्ये धक्का बसला, तेव्हा घाबरून धावताना पडून एका लहानगीचा जीव गेला. जमीन हलत असताना धावणाऱ्याचा तोल जातोच. म्हणून दाराशीच असाल तर मोकळ्यावर या. आत असाल तर खाली बसा, मजबूत टेबल किंवा खाटेखाली डोकं वाचवा आणि हादरा थांबल्यावर बाहेर पडा.

माळ्यावरच्या जड पेट्या आजच खाली उतरवा. पत्र्यांवर दगड ठेवले असतील तर ते काढून पत्रे नीट आवळून बांधा. नवं घर बांधताना चारही भिंतींना एकत्र धरून ठेवणारा सळयांचा आडवा पट्टा गवंड्याकडून आग्रहाने घालून घ्या. भूकंप थांबवणं आपल्या हातात नाही. डोक्यावरचा भार कमी करणं मात्र नक्कीच आहे.