दिवेलागणीची वेळ मुलांसाठी

(पंचायत सदस्य, प्राथमिक शिक्षक व अधिकारी यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



दिवेलागणीची वेळ ही मराठी घरातील एक जुनी शिस्त होती. खेळून आलेली मुले हातपाय धुऊन देवापुढे वा कंदिलापुढे बसत, शुभंकरोति होई, परवचा म्हटला जाई आणि चुलीजवळ आई किंवा आजी दिवसभराची विचारपूस करी. त्या काळाचे सरसकट गोडवे गाण्याचे कारण नाही. अनेक घरांत त्या वेळी रॉकेलही नसे, पुष्कळ मुली शाळेचे तोंड पाहत नसत आणि साध्या साथीच्या रोगाने बालके दगावत. परंतु एक गोष्ट त्या जीवनक्रमात निश्चित होती: दिवसातील एक वेळ अशी होती की जेव्हा घरातील मोठी माणसे आणि मुले एकमेकांच्या सहवासात असत. आज घरोघरी वीज आली, शाळा आली, लस आली. मात्र ती वेळ हातातून निसटू लागली आहे. बालकांच्या संगोपनाचा विचार करताना या हरवलेल्या वेळेपासूनच प्रारंभ करणे उचित ठरेल.

पडदा घरात कसा आला

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यानंतर कित्येक वर्षे वाडीवस्तीवर एखाद्याच घरी संच असे आणि शेजारपाजारची मंडळी तेथे जमत. कार्यक्रमास ठरलेली वेळ असे, तो संपे आणि मुले उठून घरी जात. मोबाइलच्या पडद्याचे तसे नाही. तो खिशातून शेतावर जातो, पाळण्यापाशी येतो, जेवणाच्या ताटाशेजारी बसतो आणि त्यावरील कार्यक्रम कधीच संपत नाही. एक चित्र सरले की दुसरे आपोआप सुरू होते. थांबावे कोठे, हे ठरविण्याचे काम पूर्वी कार्यक्रमाच्या वेळापत्रकाने केले होते. आता ते चार-सहा वर्षांच्या बालकावर येऊन पडले आहे.

त्यात २०२० साल आले. महामारीमुळे शाळा बंद झाल्या आणि शाळाच मोबाइलमध्ये आली. अनेक पालकांनी पदरमोड करून, प्रसंगी उसनवारी करून मुलांसाठी फोन घेतले. त्या संकटात या साधनाचा उपयोग झाला, हे नाकारता येत नाही. शाळा पुन्हा उघडल्या, तरी हातातील फोन खाली ठेवला गेला नाही. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणविषयक पाहणीच्या २०२४ च्या अहवालात देशभरातील १४ ते १६ वर्षे वयाच्या मुलांविषयी माहिती आली आहे. त्यांपैकी ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. वापरता येणाऱ्यांपैकी ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी त्याचा उपयोग केला होता, तर ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी. अभ्यासासाठी घेतलेले साधन प्रत्यक्षात कोणत्या कामी येते, ते या दोन आकड्यांवरून स्पष्ट होते.

बालकाचे काय हरपते

पडद्यावर काय दिसते याची चर्चा पुष्कळ होते. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, पडद्यासमोर गेलेल्या वेळात बालकाला काय मिळावयाचे राहून गेले?

पहिली गोष्ट झोप. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील बालकांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांनुसार तीन व चार वर्षांच्या बालकास दिवसाकाठी १० ते १३ तास झोप हवी. रात्री उशिरापर्यंत डोळ्यांसमोर राहणारा प्रखर प्रकाश शरीरातील झोपेची यंत्रणा मंदावतो आणि पडद्यावरील उत्तेजना मनाला शांत होऊ देत नाही. सकाळी वर्गात जांभया देणारे मूल आळशी असतेच असे नाही. बहुधा ते रात्री अपुरे झोपलेले असते.

दुसरी गोष्ट हालचाल आणि उजेड. त्याच सूचनांनुसार तीन-चार वर्षांच्या बालकाने दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे हिंडावे-फिरावे, खेळावे. मोठ्या मुलांसाठी रोज सरासरी तासभर दम लागेल असा व्यायाम सुचविला आहे. उघड्यावरील सूर्यप्रकाशात रोज पुरेसा वेळ घालविणाऱ्या मुलांमध्ये लांबचे धूसर दिसण्याचा दोष कमी प्रमाणात उद्भवतो, असे वैद्यकीय संशोधनाने दाखविले आहे. आट्यापाट्या, लगोरी, विटीदांडू यांना कोणताही खर्च येत नाही. डोळ्यांना आणि हाडांना जे लागते ते या खेळांत आपोआप मिळते.

तिसरी गोष्ट भाषा. मूल भाषा शिकते ते त्याच्याशी कोणी बोलले म्हणजे, आणि त्याच्या बोबड्या बोलास कोणी उत्तर दिले म्हणजे. पडदा बोलतो, परंतु ऐकत नाही. घरात टीव्ही नुसता चालू असला, तरी मोठी माणसे बालकाशी कमी बोलतात, असेही अभ्यासांत आढळून आले आहे. म्हणूनच दोन वर्षांच्या आतील बालकास पडद्यापासून पूर्णपणे दूर ठेवावे आणि दोन ते पाच वर्षे वयात तो दिवसातून फार तर एक तास, तोही मोठ्यांच्या देखरेखीखाली असावा, असा सल्ला आपल्या देशातील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने दिला आहे. पाच ते दहा वर्षे वयाच्या मुलांसाठी ही मर्यादा दोन तासांच्या आत आहे.

दोष कोणाचा

येथे एक सावधगिरी बाळगावयास हवी. अशा विषयावर बोलताना सारा रोख बहुधा मातांवर जातो. घास भरविण्यासाठी मुलाच्या हाती फोन देणारी आई सर्वांना दिसते; पहाटे उठून पाणी भरणारी, दिवसभर दुसऱ्याच्या रानात राबणारी आणि सायंकाळी पुन्हा चुलीपुढे बसणारी तीच आई कोणाच्या नजरेस येत नाही. घरात आजी-आजोबा नसतात, वडील कामावरून उशिरा परततात, अंगणाची जागा बांधकामाने व्यापलेली असते, रस्त्यावर वाहनांची वर्दळ असते. अशा घरात फोन हा मुलांना सांभाळणारा गडी बनतो. त्याला काढून घ्यावयाचे, तर त्याचे काम करणारे दुसरे कोणीतरी तेथे असावयास हवे. साधे जीवन ही केवळ उपदेशाने येणारी गोष्ट नव्हे. त्यासाठी वेळ लागतो, जागा लागते आणि माणसे लागतात.

दुसरेही असे की, एका घराने एकट्याने केलेला निश्चय फार काळ टिकत नाही. आपल्या घरचा टीव्ही बंद केला, तरी शेजारच्या घरातील मालिकेचा आवाज भिंतीपलीकडून येतो. आपल्या मुलाकडून फोन काढून घेतला, तर सवंगड्यांच्या घोळक्यात तो एकटा पडतो. म्हणून हा प्रश्न घराचा असला, तरी त्याचे उत्तर वस्तीला मिळून शोधावे लागते. सांगली जिल्ह्यातील एका गावाने ते शोधण्याचा प्रयत्न केला.

वडगावचा भोंगा

कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव हे सुमारे ३,००० वस्तीचे गाव. बहुतेक कुटुंबे शेतकऱ्यांची आणि साखर कारखान्यातील कामगारांची. महामारीनंतर शाळा सुरू झाल्या, तेव्हा मुले शाळेतून आली की फोन किंवा टीव्हीपुढे बसतात आणि मोठी माणसेही एकमेकांशी बोलेनाशी झाली आहेत, असे तेथील सरपंच विजय मोहिते आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ध्यानी आले. प्रारंभी या चर्चेची पुरुषमंडळींनी थट्टा केली. तेव्हा ग्रामपंचायतीने गावातील स्त्रियांना एकत्र बोलावले. आपणही मालिका पाहण्यात फार वेळ दवडतो, हे स्त्रियांनी मोकळेपणाने मान्य केले आणि रोज काही काळ टीव्ही व फोन बंद ठेवण्यास संमती दिली. गावातील मंदिरावर भोंगा बसविण्यात आला. १४ ऑगस्ट २०२२ रोजी सभेत निर्णय झाला आणि दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे स्वातंत्र्यदिनापासून, सायंकाळी सातला भोंगा वाजू लागला. साडेआठला तो पुन्हा वाजेपर्यंतचा दीड तास अभ्यास, वाचन आणि आपसातील संभाषण यांसाठी राखून ठेवण्यात आला.

पहिल्या दिवसांत नुसत्या भोंग्याने काम झाले नाही. ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि ग्रामस्थांचे गट घरोघर फिरून, ‘आता बंद करा’ अशी विनंती करीत. या उपक्रमाचे खरे मर्म भोंग्यापेक्षा या फेरीत होते.

या प्रयत्नाची दुसऱ्या एका मार्गाशी तुलना करून पाहण्याजोगी आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या पुसद तालुक्यातील बान्सी या गावाच्या ग्रामसभेने नोव्हेंबर २०२२ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइल वापरण्यास बंदी करणारा ठराव केला. दोन्ही गावांची तळमळ एकच होती. फरक असा की, बंदी फक्त मुलांवर होती आणि वडगावचा दीड तास लहानथोर सर्वांना सारखाच लागू होता. वडिलांनी हातात फोन धरून मुलाला ‘अभ्यासाला बस’ म्हणावे आणि मुलाने ते ऐकावे, ही अपेक्षा व्यर्थ आहे. मूल सांगितलेले विसरते, पाहिलेले मात्र उचलते.

रिकाम्या वेळात काय घालावे

पडदा बंद झाल्यावर उरणारी वेळ जर कंटाळवाणी ठरली, तर महिन्याभरात सर्व पूर्वपदावर येईल. या बाबतीत महाराष्ट्राला दूर पाहण्याची गरज नाही. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्या सहकार्याने १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना केली. पुढे १९४५ मध्ये त्यांनी ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर जिल्हा) बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले आणि अनुताई वाघ यांच्यासह ते कोसबाडच्या आदिवासी वस्तीपर्यंत नेले. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर या दोघींनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. शिंपले, बिया, पाने, खडे, माती हेच तेथील शैक्षणिक साहित्य होते. महागड्या खेळण्यांवाचून बालकाची बुद्धी आणि हात दोन्ही कामाला लागतात, हे त्यांनी करून दाखविले.

हीच दृष्टी घरात आणता येते. मुलाला शेंगा सोलावयास द्याव्यात, ताटे मांडावयास सांगावीत, भाकरीचे पीठ मळू द्यावे. सांडलवंड होईल, होऊ द्यावी. आजोबांना गावच्या जुन्या दुष्काळाची, पुराची, जत्रेची हकिकत विचारावी. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून मुलांसाठी निघत आले आहे. शाळेतील पेटीत पडून राहिलेले त्याचे अंक रोज एका मुलाच्या दप्तरातून घरी जाऊ शकतात. ज्या आईला वाचता येत नाही, तिला मुलाने वाचून दाखवावे. यात मुलाचा अभ्यास होतो आणि आईचा मानही वाढतो. सातारा जिल्ह्यातील भिलार येथे २०१७ मध्ये ‘पुस्तकांचे गाव’ उभे राहिले, तेव्हा घराघरांतील खोल्या वाचकांसाठी उघडल्या गेल्या. प्रत्येक गाव भिलार होणार नाही. परंतु एखादी ओसरी सायंकाळी वाचनासाठी उघडी ठेवणे कोणत्याही गावाला अशक्य नाही.

कोणी काय करावे

शिक्षकांनी एक गोष्ट तपासून पाहावी. गृहपाठ मोबाइलवरील गटात पाठविण्याची प्रथा २०२० मध्ये नाइलाजाने पडली. आता शाळा भरते, फळा आहे, वही आहे. तरीही गृहपाठ फोनवरच जात असेल, तर ‘फोन ठेव’ असे सांगणाऱ्या पालकाचे हात आपणच बांधतो.

पंचायत सदस्यांनी क्रीडांगणाची जागा मोकळी राहील, तेथे दिवा लागेल आणि सार्वजनिक ग्रंथालय सायंकाळी उघडे राहील, एवढे पाहावे. ठराव करण्यापूर्वी स्त्रियांची सभा घ्यावी. सक्ती आणि दंड यांच्या वाटेस न जाता फेरी काढावी, विनंती करावी. ज्या कुटुंबात सायंकाळी मोठे माणूस घरी नसते, तेथील मुलांना शेजारच्या ओसरीवर जागा मिळेल, अशी योजना करावी. उपक्रमाचा लाभ प्रथम याच मुलांना झाला पाहिजे.

अधिकाऱ्यांनीही स्वतःला वगळू नये. गावाने राखलेल्या त्या दीड तासात कार्यालयीन संदेश आणि माहितीची मागणी अंगणवाडी सेविकेच्या, ‘आशा’ कार्यकर्तीच्या वा शिक्षकाच्या फोनवर येऊन पडू नये. त्यांच्याही घरी मुले आहेत.

विजेचा दिवा, शाळा, ग्रंथालय आणि फोन ही सारी साधने गावापर्यंत पोहोचविण्यासाठी समाजाने आणि शासनाने मोठे परिश्रम केले. त्यांतील कोणतेही साधन परत पाठवावयाचे नाही. कोणते केव्हा बाजूला ठेवावयाचे, एवढेच गावाने एकत्र बसून ठरवावयाचे आहे. तो निर्णय पुढील ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घेता येईल. त्यास निधी लागत नाही आणि वरच्या मंजुरीची वाटही पाहावी लागत नाही.