डबा कुणाकडे, कागद कुणाकडे?



गिरगावच्या मॅजेस्टिक थिएटरात 14 मार्च 1931 रोजी ‘आलम आरा’ लागला तेव्हा गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले. भारताच्या या पहिल्या बोलपटाची आज एकही प्रत शिल्लक नाही. पुढच्याच वर्षी आलेला प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मात्र टिकला आणि आजही घरबसल्या पाहता येतो. गर्दी दोघांनीही खेचली होती. एकाचा डबा सांभाळला गेला, दुसऱ्याचा नाही.

मराठी निर्माते एकत्र जमले की बोलणे पहिल्या शुक्रवारवर येते. प्लाझाला कुठला खेळ मिळाला, भारतमाताला किती आठवडे टिकला, मल्टिप्लेक्सवाल्यांनी सकाळचाच शो का दिला. प्रश्न खरे आहेत. पण चित्रपटाचे थिएटरातले आयुष्य काही आठवड्यांचे, आणि कायद्याने त्याची मालकी प्रदर्शनानंतरच्या पुढल्या वर्षापासून साठ वर्षांची. त्या साठ वर्षांचा हिशेब कोण मांडतो?

एका घराण्याने तो मांडला, आणि त्याचे कार्यालय इथे प्रभादेवीला आहे. ताराचंद बडजात्यांनी 15 ऑगस्ट 1947 रोजी राजश्री पिक्चर्स सुरू केली ती वितरणासाठी. निर्मिती पुढे 1962 मध्ये ‘आरती’पासून. वितरकाची नजर निर्मात्याच्या नजरेहून वेगळी असते. चित्रपट कुठे, कधी आणि कुणाच्या हाती पडतो, हे त्याला कथेइतकेच महत्त्वाचे वाटते. ऑगस्ट 1994 मध्ये ‘हम आपके हैं कौन’ लिबर्टीला लागला तेव्हा नव्या चित्रपटाची चोरटी कॅसेट बघता बघता केबलवर झळकत असे. बडजात्या घराण्याने अधिकृत व्हिडिओच रोखून धरला. पाहायचा तर थिएटरात या! लिबर्टीला चित्रपट शंभरावर आठवडे चालला.

बारा वर्षांनी याच घराने नेमका उलटा डाव टाकला. ‘विवाह’ 10 नोव्हेंबर 2006 रोजी थिएटरात आला आणि त्याच दिवशी राजश्री डॉट कॉमवर डाउनलोडसाठीही ठेवला गेला, किंमत 9.99 डॉलर. तेव्हा यूट्यूब जेमतेम दीड वर्षाचे होते. परदेशातल्या ज्या गावी हिंदी चित्रपटाची प्रिंट जात नसे, तिथला प्रेक्षक चोरटी डीव्हीडीच पाहत असे. त्याच्याकडून सरळ पैसे का घेऊ नयेत, असा घराण्यातल्या रजत बडजात्यांचा रोकडा विचार होता. पुढे संस्थेचे जुने चित्रपट जाहिरातींच्या जोरावर यूट्यूबवर फुकट आले आणि ‘राजश्री मराठी’ ही वाहिनीही उभी राहिली.

1994 ला दार बंद, 2006 ला सताड उघडे. दोन्ही निर्णय घेता आले, कारण दाराची किल्ली घरातच होती. निगेटिव्ह आणि करारपत्रे दुसऱ्याच्या कपाटात असती तर यातले काहीच जमले नसते.

दुसरे उदाहरण वॉर्डन रोडचे. 1962 मध्ये पुस्तकांची लायब्ररी म्हणून सुरू झालेल्या शेमारूने 1979 मध्ये व्हिडिओ कॅसेटी भाड्याने द्यायला सुरुवात केली आणि 1987 मध्ये होम व्हिडिओच्या वितरणात उडी घेतली. गणपतीत लालबाग-परळच्या चाळींमधून व्हीसीआर भाड्याने आणून रात्रभर चित्रपट पाहण्याचे ते दिवस. निर्मात्याला वाटे, कॅसेट म्हणजे वरकड कमाई. मिळतील ते घ्यावेत आणि सही करून मोकळे व्हावे. हक्क विकत घेणाऱ्याला मात्र आपण साठा करतो आहोत हे पक्के ठाऊक होते. त्याच साठ्याच्या बळावर शेमारूने 2020 मध्ये ‘शेमारू मराठीबाणा’ ही चित्रपटवाहिनी काढली. यात त्यांचा दोष काही नाही. विकणाऱ्याने विकले, घेणाऱ्याने घेतले.

माध्यमे मात्र भराभर मरतात. मोझर बेअरने 2007 मध्ये 28 रुपयांत व्हीसीडी आणि 34 रुपयांत डीव्हीडी विकून बाजार हलवून सोडला. 2018 मध्ये त्या कंपनीवर अवसायनाचा आदेश निघाला. ज्यांनी ‘सर्व माध्यमांचे हक्क, कायमचे’ असे लिहून दिले होते, त्यांना तबकडी गेल्यावरही चित्रपट परत मिळाला नाही.

मराठीत याचा फटका विशेष बसतो. हिंदीतला निर्माता एक चित्रपट हातचा गेला तरी दुसरा काढतो. आपल्याकडे अनेकांच्या आयुष्यात चित्रपट एकच, तोही जमीन गहाण टाकून काढलेला. प्रदर्शनाच्या तोंडावर पैसे संपलेले असतात, आणि नेमके तेव्हाच ‘आउटराइट’चा, म्हणजे सगळे हक्क कायमचे विकण्याचा, कागद समोर येतो. मग दहा वर्षांनी तोच चित्रपट यूट्यूबवर दोन वेगवेगळ्या कंपन्या चढवतात, दोघीही मालकीचा दावा ठोकतात, वाद मिटेपर्यंत जाहिरातीचे पैसे अडकून पडतात आणि निर्माता प्रेक्षकासारखा बघत बसतो.

कायदा इतका आंधळा नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 नुसार हस्तांतराच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर हक्क भारतापुरता मानतात. 2012 च्या दुरुस्तीने कलम 18 मध्ये भर पडली: करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हते किंवा व्यापारी वापरात नव्हते, त्याचा करारात स्पष्ट उल्लेख नसेल तर त्यावरचा हक्क जात नाही. हे वाचून सही करणारे आपल्यात किती?

स्वामित्वाच्या साठ वर्षांच्या मुदतीचेही भान हवे. अत्र्यांचा ‘श्यामची आई’ 1953 चा. चित्रपट म्हणून त्याचे स्वामित्व 2013 अखेर संपले. परळच्या राजकमलचा ‘पिंजरा’ 1972 चा, म्हणजे त्याची मुदत 2032 अखेरपर्यंत. व्ही. शांताराम प्रॉडक्शन्सचा ‘अशी ही बनवाबनवी’ 1988 चा; त्याला 2048 अखेरपर्यंत वेळ आहे, आणि आज जन्मलेली पोरेही तो पाहतील अशी चिन्हे आहेत.

म्हणून या व्यासपीठावरून एकच मागणी. चित्रपटाच्या शीर्षकाची नोंद जशी होते, तशी हक्कांचीही व्हावी: कोणता हक्क, कुणाला, किती वर्षांसाठी, कोणत्या प्रदेशासाठी, आणि मास्टर प्रत कुठे ठेवली आहे. अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाने हे काम हाती घ्यावे. आणि इथे बसलेल्या प्रत्येक निर्मात्याने घरी गेल्यावर आपला जुना करार काढून मुदतीचे कलम तेवढे वाचावे.