प्रशिक्षकाचे चार आणे
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



कलकत्त्यात राहून फुटबॉलवर मराठीत बोलणे हे धाडसच होय. येथे मोहनबागान जिंकले की कोळंबीचा भाव चढतो, ईस्ट बंगाल जिंकले की हिलशाचा. आम्ही मराठी माणसे ना घोटी ना बांगाल. दोन्ही घरचे पाहुणे, पण उपाशी मात्र कधी राहिलो नाही!

सामना हरला की या शहरात पहिली शिवी प्रशिक्षकास मिळते. ती कितपत न्याय्य? यशाचे बारा आणे खेळाडूंच्या अंगच्या गुणांचे व चार आणे प्रशिक्षकाचे, असे आमचे मत आहे. परंतु हे चार आणे कशाचे, याविषयी आमची समजूत बरीच वर्षे चुकीची होती.

सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे शिक्षक. त्यांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने मुंबईत 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स चषक जिंकला. 1962 च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांच्या हाती पी. के. बॅनर्जी, चुनी गोस्वामी, बलराम असे मोहरे होते. तरीही पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने आपणांस 2-0 असे हरविले. पुढे बचावपटू जर्नेल सिंग यांचे डोके फुटले, टाके पडले. दुसऱ्या कोणी त्यांना विश्रांती दिली असती. रहीमसाहेबांनी त्यांना चक्क आघाडीवर धाडले! उपांत्य सामन्यात जर्नेलनी गोल केला, आणि अंतिम सामन्यात त्याच कोरियाविरुद्ध पुन्हा एक. प्रतिकूल प्रेक्षकांसमोर आपण 2-1 असे सुवर्णपदक घेतले. वर्ष सरण्याआधीच, 1963 च्या जूनमध्ये, कर्करोगाने रहीमसाहेब गेले.

ते गेल्यावरही 1964 च्या आशिया चषकात भारत उपविजेता ठरला. चुनी आणि जर्नेल संघात होतेच. बारा आणे ते हेच.

आता 13 जुलै 1997. फेडरेशन चषकाचा उपांत्य सामना, सॉल्ट लेकचे मैदान, सव्वा लाखाहून अधिक प्रेक्षक. त्यांत आम्ही व आमचे चिरंजीव. मोहनबागानचे प्रशिक्षक अमल दत्त यांच्या ‘डायमंड’ मांडणीचा, त्या हिऱ्याच्या आकाराच्या आक्रमक व्यूहाचा, तेव्हा शहरभर बोलबाला होता. चिरंजीवांनी वहीच्या मागच्या पानावर तो व्यूह काढूनच आणला होता. ईस्ट बंगालकडे होते पी. के. बॅनर्जी. दत्तांनी भाईचुंग भुतिया यांस थट्टेने मिठाईचे नाव दिले होते, ‘चुमचुम’. पी. केंनी ती थट्टा वाया जाऊ दिली नाही. खेळाडूंची मने पेटविण्यात त्यांचा हातखंडा होता. ईस्ट बंगाल 4-1 ने जिंकले. त्यांपैकी तीन गोल भाईचुंगचे.

दत्त हे पंडित होते, यात आम्हांस तिळमात्र शंका नाही, आणि एका पराभवाने त्यांची विद्या खोटी ठरत नाही. परंतु रहीमसाहेबांनी व पी. केंनी फळ्याआधी माणूस वाचला, एवढे मात्र त्या दिवशी आमच्या ध्यानी आले.

परतताना बसमध्ये चिरंजीव गप्प होते. उल्टाडांग्याला त्यांनी वही उघडून विचारले, “बाबा, यात चूक कोठे आहे?” आम्ही आकृती उलटसुलट करून पाहिली. चूक सापडली नाही. घरी पोहोचलो तेव्हा शेजारच्या बांगाल वहिनींनी हिलशाचे ताट झाकून ठेवले होते.